चटई एकच, झोपा दोन

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी गोव्यातल्या साखळीचा, वय ३६. कुंडईला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर ऑपरेटर आहे. दर तिसऱ्या आठवड्याला नाइट पडते, रात्री अकरा ते सकाळी सात. पूर्वी त्याचं काही वाटत नव्हतं. आता मुलगी सहा वर्षांची आहे, बायको आठला पणजीला कामाला निघते, आणि नाइटचा आठवडा जवळ आला की पोटात गोळा येतो. सकाळी घरी आलो की मुलीला शाळेत सोडतो, बाजारातून मासळी आणतो आणि साडेनऊला आडवा होतो. एकपर्यंत झोपतो, तीही तुटक. जेवून अडीचला परत पडतो तो पाचला उठतो. उठल्यावर डोकं इतकं जड असतं की आपण कुठे आहोत तेच कळत नाही. परवा चहा करून दुधाची पिशवी कपाटात आणि चहापत्तीचा डबा फ्रिजमध्ये ठेवला. तसाच स्कूटर काढून मुलीला शिकवणीहून आणायला गेलो.

माझे वडील त्याच चटईवर माझ्या शेजारी झोपतात. बाजारात आमचं छोटं दुकान आहे. ते एक वाजता बंद करून येतात, जेवतात, पेपर तोंडावर घेतात आणि वीस मिनिटांत ताजे होऊन उठतात. मी अडीच तास झोपून मेल्यासारखा. आई म्हणते, दिवसाची झोप अंगात जडपणा भरते, बंद कर. कामावरचा मित्र म्हणतो, वीसच मिनिटं झोप. रात्री तीन-चारला लाइनवर डोळे मिटतात, तेव्हा चार-पाच चहा होतात. बायको म्हणते घोरतोस.

आणखी एक. घरी कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या खेपेच्या नाइटला सकाळी येताना अमोण्याचा पूल कधी ओलांडला ते मला आठवत नाही. चाक रस्त्याखाली मातीत उतरलं तेव्हा जाग आली.

— एक वाचक, साखळी

भाऊ,

सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही सगळ्यांत शेवटी लिहिलीत. दवाखान्यातही असंच होतं. माणूस वीस मिनिटं ॲसिडिटीबद्दल बोलतो आणि चपला घालता घालता सांगतो, काल छातीत दुखलं होतं म्हणून. तेव्हा आधी पूल, मग चटई.

पुलावर तुम्हाला लागली ती काही सेकंदांची झोप. दोन, चार, कधी दहा. मेंदू तेवढ्यापुरता बाहेरचं घेणं बंद करतो आणि परत सुरू होतो. हात हँडलवर असतात, डोळे उघडेही असू शकतात, आणि मागाहून विचारलं तर माणूस शपथेवर सांगतो की मी जागा होतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी स्कूटर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. चार सेकंद म्हणजे ५५ मीटर, वर चालवणारा कुणी नसताना. त्या दिवशी पुढे माती होती, वळण नव्हतं आणि समोरून ट्रक आला नाही. यात तुमचं कौशल्य काही नाही.

पोलिसांकडे तोंडाला लावून दारू मोजायचं यंत्र असतं. जागरण मोजायचं यंत्र रस्त्यावर कुणाकडे नाही, पण या दोन गोष्टींची तुलना झालेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली तीच माणसं एकदा जागी ठेवली, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या मेळाची एकच चाचणी घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागला, आणि २४ तास जागा असलेला ०.१० टक्के असल्यासारखा. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के.

आता तुमच्या नाइटच्या आठवड्याची पहिली रात्र डोळ्यांपुढे आणा. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसारखे सकाळी सातला उठलेले असता. दुपारी झोप येत नाही, कारण अजून जागरण झालेलंच नाही. घरची चार कामं उरकता, रात्री अकराला मशीनवर उभे राहता आणि सकाळी सातला स्कूटरला किक मारता. बरोबर चोवीस तास. मर्यादेच्या तिपटीवर, घोटभरही न घेता. पुलाची घटना आठवड्यातल्या कुठल्या सकाळची ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पहिल्या सकाळची असेल तर मला नवल वाटणार नाही. नाइटवाले पहिल्या रात्रीला हलकी समजतात, कारण आदल्या रात्री व्यवस्थित झोप झालेली असते. हिशेब मात्र किती तास सलग जागे आहात याचाही होतो.

आता चटई.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेत ते उतरतं. जितकं साचलेलं, तितकी झोपेची ओढ जास्त. तुमचे वडील रात्री दहाला झोपून पाच-साडेपाचला उठत असणार. दुपारी पेपर तोंडावर घेतात तेव्हा त्यांचं साचलेलं असतं ते आठ-नऊ तासांचं. शिवाय दुपारी एक ते तीन-चार या वेळात शरीराच्या घड्याळाचीच एक छोटी ओहोटी असते. माणसं ती हुमण-भाताच्या, म्हणजे मासळीच्या आमटी-भाताच्या, माथी मारतात. भाताचा थोडा हात असेल, पण उपाशी माणसालाही ती पेंग येते. आपल्या बाजारपेठा एक ते चार शटर ओढतात त्यात निव्वळ पोर्तुगीज सवय नाही, शरीराचं म्हणणंही आहे. (आपल्या 'सुशेगाद'चा, म्हणजे निवांतपणाचा, बाहेरचे लोक आळशी असा अर्थ लावतात, आणि टी-शर्टवरही छापतात. सकाळी आठला दुकान उघडून रात्री आठला बंद करणाऱ्या तुमच्या वडिलांना तो टी-शर्ट कुणी घालून दाखवावा.)

तर वडिलांची वामकुक्षी उथळ पाण्यातली. झोप पायरी पायरीने खोल जाते. पहिली काही मिनिटं अगदी हलकी, मग जरा स्थिर, आणि झोप पुरी झालेल्या माणसाला खरी गाढ झोप लागायला साधारण अर्धा तास लागतो. वडील त्याआधीच पेपर बाजूला करून उठतात. पाय भिजले, बाहेर आले.

तुमचं साचलेलं असतं ते चार-पाच रात्रींचं. तुम्ही पायऱ्या उतरत नाही, काठावरून उडी टाकता. अंग टेकल्यावर पाच मिनिटांत झोप लागत असेल तर 'मला बिछान्याला पाठ लागली की झोप येते' असं लोक कौतुकाने सांगतात. आम्ही ते लक्षण म्हणून लिहून घेतो. अशी झोप काही मिनिटांत तळाला जाते आणि तिथेच रेंगाळते, कारण मेंदूला तुटलेली गाढ झोप आधी भरून काढायची असते. त्या तळातून गजर तुम्हाला खेचून बाहेर काढतो. पाय चालू लागतात, पण मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे विचार करणारा, निर्णय घेणारा, चहापत्तीचा डबा कुठे ठेवायचा ते जाणणारा, तो मागून सावकाश येतो. ही गुंगी एरवी पंधरा-वीस मिनिटांत उतरते. झोपेची थकबाकी असेल तर अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त घेते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला डेव्हिड डिंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे मोजून दाखवलं. तरुण, धडधाकट माणसांना ५४ तासांपर्यंत जागं ठेवलं, मधे प्रत्येकाला दोन तासांची एक झोप दिली, पण कुणाला लवकर, कुणाला उशिरा. मग फोनची घंटा वाजवून उठवायचं आणि लगेच वजाबाक्या करायला लावायच्या. जितकं जागरण जास्त तितकी ती दोन तासांची झोप खोल, आणि जितकी खोल तितक्या उठल्याउठल्याच्या वजाबाक्या वाईट. पहाटेच्या वेळी उठवलं तर सगळ्यांत वाईट.

मला हे प्रयोगाआधीच कळलेलं आहे. इंटर्न असताना सलग दुसऱ्या रात्रपाळीला पहाटे साडेतीनच्या सुमारास मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर पाऊण तास झोपले. सिस्टरने हलवून उठवलं, एका लहान मुलाचा ताप वाढला होता. मी गेले, तपासलं, केसपेपरवर औषध लिहिलं. सिस्टरने कागद हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, हे जरा परत वाचता का?" मी वाचलं. मला त्यात काही चुकीचं दिसेना. त्यांनी नखाने एका आकड्याखाली रेघ ओढली. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. मला आठवतं ते असं, की त्या क्षणी मी स्वतःला पूर्ण जागी समजत होते. त्यानंतर मी नियम केला, झोपेतून उठवलं तर आधी तोंड धुवायचं, मग पेन धरायचं. आणि लिहिलेलं सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवायचं.

म्हणून, पाचला उठून लगेच स्कूटर काढणं आजपासून बंद. मुलीची शिकवणी सुटायची वेळ बदलता येत नसेल तर तुमची उठायची वेळ बदला. साडेचारला उठा आणि पाचपर्यंत बाहेर पडू नका. पाणी मारा, अंगणात उजेडात बसा, चहा घ्या. नाहीतर त्या आठवड्यापुरतं तिला आणायला आजोबांना पाठवा. त्यांची वामकुक्षी तोवर कधीच आटोपलेली असते.

पण अडीच तासांची झोप बंद करू नका. इथे आईशीही माझं पटत नाही आणि मित्राशीही. पाच वाजता तुम्हाला कसं वाटतं यावरून तुम्ही त्या झोपेला नापास केलंत. पाच वाजता तुम्हाला कुणी मशीनवर उभं केलेलं नाही. ती झोप घेतलीत ती रात्रीसाठी, तेव्हा तिची परीक्षा रात्री तीनला घ्यायची. एका आठवड्याला दोन रात्री ती झोप घेऊन जा, एक रात्र न घेता जा (त्या रात्री स्कूटर नको), आणि तीन वाजता मशीनवर काय होतं ते स्वतःच पाहा. गुंगी हे या झोपेचं भाडं आहे, अर्ध्या तासात फिटतं. फायदा त्यानंतर तासन्‌तास पुरतो.

त्याच डिंगेस यांच्या १९८७ च्या कामातून आणखी एक निघालं, आणि ते मला आजीने फार आधी शिकवलं होतं. आमच्या गावच्या जत्रेला रात्री नाटक असायचं. मध्यरात्रीच्या सुमारास पडदा वर जायचा आणि खाली येईपर्यंत कोंबडं आरवायचं. आजी आम्हा पोरांना दुपारनंतर दार ओढून सक्तीने झोपवायची. झोप येत नसायची, उनाडायचं असायचं, पण ती दाराशी नारळ किसत बसायची, उठायची सोय नव्हती. आम्ही शेवटच्या अंकापर्यंत जागे असायचो. शेजारची पोरं, संध्याकाळभर हुंदडून आलेली, दुसऱ्या अंकाला आयांच्या मांडीवर आडवी. प्रयोगातही हेच दिसलं. जागरण सुरू व्हायच्या आधी, गरज वाटत नसताना घेतलेली झोप पुढच्या रात्री जास्त टिकवते. पार थकल्यावर घेतलेली झोप तेवढं देत नाही, वर गुंगी देते.

म्हणून नाइटच्या पहिल्या दिवशी, म्हणजे तुमचा तो चोवीस तासांचा दिवस, दुपारी जेवून दीड-दोन तास पडायचंच. झोप लागली नाही तरी दार ओढून अंधारात पडून राहा. थोडी लागते, आणि तेवढीही उपयोगी येते. घरात कुणीतरी दाराशी नारळ घेऊन बसणारं हवं, तुमच्या आईंना जमेल.

वीस मिनिटांबद्दल तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. ॲडलेडला २००६ साली झालेल्या एका अभ्यासात आदल्या रात्री पाचच तास झोपू दिलेल्या लोकांना दुपारी ५, १०, २० आणि ३० मिनिटं झोपवून पाहिलं. दहा मिनिटंवाले उठल्याउठल्या तरतरीत झाले. तीस मिनिटंवाल्यांना आधी गुंगी आली, फायदा नंतर. म्हणजे लगेच कामाला लागायचं असेल तर थोडकी झोप, आणि उठून वेळ असेल तर लांब. अधलीमधली चाळीस-पन्नास मिनिटं ही सगळ्यांत फसवी, मी बाकावर काढली होती तेवढी. तुमची थकबाकी इतकी आहे की वीस मिनिटांच्या वामकुक्षीवर आठवडा काढणं म्हणजे पगाराच्या जागी बसभाडं घेणं. रात्रीच्या मधल्या सुट्टीत मात्र तीच कामाची. तुमच्याकडे अर्धा तास असतो असं गृहीत धरते. आधी चहा किंवा कॉफी संपवा, मग पंधरा मिनिटांचा गजर लावून खुर्चीत मान टेका. कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, पण त्याला मेंदूपर्यंत पोचून रंगात यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर तुम्ही झोपलेले. उठता तेव्हा डुलकी आणि कॅफीन दोन्ही एकदम कामी येतात. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी झोपाळू चालकांवर हे करून पाहिलंय, नुसत्या कॉफीपेक्षा आणि नुसत्या डुलकीपेक्षा दोन्ही मिळून बरं चाललं. ही सुट्टी मिळाली तर दीड-दोनच्या आत घ्या. साडेतीन-चारला शरीराचं तापमान सगळ्यांत खाली गेलेलं असतं, तेव्हा मिटलेले डोळे उघडणं आणि उघडल्यावर मशीनवर हात घालणं, दोन्ही धोक्याचं. आणि सुपरवायझरला सांगून झोपा. चोरून घेतलेल्या डुलकीत गजर कुणी लावत नाही.

चहाचा तुमचा क्रम उलटा आहे. पेंग आल्यावर तीनला, चारला, साडेचारला असे कप जातात. प्यायलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. साडेचारच्या कपातलं अर्धं साडेनऊला तुमच्यासोबत बिछान्यात असतं, आणि मग तुम्ही लिहिता की सकाळची झोप तुटक लागते. चहा अकरा ते दोन या वेळात घ्या, थोडा थोडा. तीननंतर बंद. तीननंतर उभं राहणं, चालणं, गार पाणी आणि शेजाऱ्याशी गप्पा. गप्पांनी खरंच फरक पडतो, फक्त त्या थांबल्या की पेंग परत हजर होते.

आता सकाळ. खरा घोळ इथेच आहे, आणि तो झोपेचा नसून घरच्या वेळापत्रकाचा आहे. तुम्ही पावणेआठला घरी पोचत असाल. तिथून साडेनऊपर्यंत मुलगी, शाळा, मासळी. त्या पावणेदोन तासांत ऊन डोक्यावर येतं, शरीराचं घड्याळ 'उठा' म्हणू लागतं, आणि तुम्ही तेव्हा कुठे झोपायला जाता. वर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू, मासेवाल्याचा हॉर्न (पोदेर एकदाच वाजवतो, मासेवाला मेलेल्यांनाही उठवतो), आईचं वाटणाचं मिक्सर, फोन. सव्वाआठला बिछान्यात पडलात तर एकपर्यंत पावणेपाच तास होतात आणि दुपारचे दोन. सहा-पावणेसात. राजेशाही नाही, पण आठवडा निभतो. आठवड्यापुरतं वडिलांनी नातीला शाळेत सोडून मग दुकान उघडावं. मासळी आईंनी दारावर घ्यावी. खिडकीला जाड गोधडी टांगा, पंखा मोठा ठेवा, त्याच्या आवाजाने बाहेरचे आवाज बुडतात. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत. वाटण आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये, चहापत्तीच्या डब्याशेजारी.

घरी येताना काळा गॉगल लावा म्हणजे सकाळचा उजेड झोप उडवत नाही, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. बसने येत असाल तर लावा. पेंगुळलेल्या माणसाने स्कूटरवर आणखी अंधार करून घेऊ नये.

आईंना नावं ठेवू नका. दिवसा झोपू नये हे त्या मनचं सांगत नाहीत, आयुर्वेदातलं जुनं सांगणं आहे. फक्त त्यांना नियम पोचला आणि सूट पोचली नाही. चरकसंहितेत उन्हाळा सोडून दिवसाची झोप नको असं आहे, पण ज्यांना चालेल त्यांच्या यादीत रात्री जागरण झालेला माणूस आहे. आणि वाग्भटाने तर मापच देऊन ठेवलंय: सवयीबाहेर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, न जेवता झोपा. आठ तासांच्या पाळीला चार तास. आधुनिक हिशेबाने मी जास्त सांगेन, पण 'सकाळी' आणि 'न जेवता' हे दोन शब्द आईंना दाखवा. नाइटवरून आल्यावर ताटभर चपाती-भाजी समोर ठेवणं थांबेल. अगदी भूक असेल तर अर्धा पाव आणि कपभर दूध घ्या. पोट भरून झोपलात तर जळजळ होऊन अकराला जाग येते, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही बारा-बारा तास झोपत असणार, लिहिलं नाहीत तरी. झोपा, हरकत नाही. १९६४ च्या सुरुवातीला अमेरिकेत रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या प्रयोगासाठी २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागा राहिला. त्यानंतर पहिल्यांदा झोपला तो साडेचौदा तासांच्या आसपास. गमावलेला प्रत्येक तास शरीर परत मागत नाही, गाढ झोप आधी वसूल करतं. पण एका रविवारात लक्ष आणि हाताचा वेग पूर्ण परत येतो असं नाही, तेव्हा सोमवारी सकाळी लांबचा प्रवास आखू नका.

तुम्ही म्हणाल, मला आता सवय झालीय, पाच तासांत भागतं. असं म्हणणाऱ्यांवर २००३ सालचा एक अभ्यास आहे. ४८ निरोगी लोक घेतले, काहींना चौदा दिवस रोज ४ तास, काहींना ६, काहींना ८ तासच बिछान्यात राहू दिलं, आणि दिवसा पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायची कंटाळवाणी चाचणी दिली. चारवाले आणि सहावाले दिवसागणिक घसरत गेले, शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला आले. पण पेंग किती येते असं विचारलं की पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदलेना. घसरण चालू होती, जाणीव थांबली होती. बाकावरून उठून केसपेपर वाचणारी मी तीच. म्हणून 'मला बरं वाटतंय, चालवतो' हे वाक्य नाइटनंतरच्या सकाळी पुरावा म्हणून धरू नका.

घोरण्याबद्दल बायकोला एकच विचारा: घोरणं मधेच थांबून, शांतता होऊन, मग धसका घेतल्यासारखा श्वास येतो का? हो म्हणाली तर नाइट असो नसो, झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. तेव्हा मी वर लिहिलेली वेळापत्रकं पुरणार नाहीत. साध्या दिवसपाळीच्या आठवड्यातही बसमध्ये, टीव्हीपुढे, जेवून गप्प बसलं की डोळा लागत असेल तरीही तेच.

पाळ्या लावणाऱ्याशी बोलता आलं तर सकाळ, दुपार, रात्र असा क्रम मागा. उलटा क्रम शरीराला जड जातो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं असतं आणि त्याला पुढे ढकललेलं चालतं, मागे ओढलेलं नाही.

राहिला सकाळचा रस्ता. सहकाऱ्याच्या मागे बसून येतो असं म्हणू नका, तो तुमच्याइतकाच जागलेला. स्कूटर पहिल्या रात्री तरी नेऊच नका. बस बदलावी लागते, अर्धा तास उशीर होतो, माहीत आहे मला. बसमध्ये झोप लागून स्टॉप चुकला तर कंडक्टर उठवेल, साखळीच्या पुढे गेलात तर परत याल. बाकीच्या दिवशी स्कूटर आणलीच असेल आणि सात वाजता डोळे जळत असतील, जांभईमागून जांभई येत असेल, तर कँटीनमध्ये पंधरा मिनिटं मान टेका, तोंड धुवा, वीस मिनिटं थांबा, मग निघा. तोंडावर वारा घेणं, गाणं म्हणणं, स्वतःला चिमटे काढणं यांचा उपयोग दोन-चार मिनिटांचा. माशेलपर्यंतही पुरत नाही.

आणि पुलाची गोष्ट आज रात्री बायकोला सांगा. नातीला शाळेत सोडायला आजोबा उद्यापासून तयार होतील.